१२७ पेट्यांपर्यंत बसणारा ताळा: जावातील समानतेच्या तुलनेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मालसाठ्याच्या एका प्रणालीत रोज रात्री ताळा घेणारा प्रोग्राम चालत असे. एका बाजूला गोदामाच्या डेटाबेसमधल्या ओळी, दुसऱ्या बाजूला वाहतुकीच्या प्रणालीकडून येणारी स्वल्पविरामांनी तोडलेली मजकूर फाइल. ऑर्डर क्रमांक आणि ओळ क्रमांक यांवरून दोन्हीकडच्या ओळींची जोडी लावायची, मग पेट्यांची संख्या, एकूण वजन आणि स्थिती हे रकाने ताडायचे, आणि फरक दिसेल ती ओळ सकाळच्या यादीत टाकायची. भाषा जावा, आवृत्ती १७. ओळख पटू नये म्हणून व्यवसायाचे तपशील बदलले आहेत आणि कोडमधली नावे देवनागरीत उतरवली आहेत. तुलनेचे वागणे मात्र जसेच्या तसे आहे.

पेट्यांची संख्या मुळात इंट या पूर्णांकाच्या साध्या प्रकारात ठेवलेली होती. तुलनाही साधी:

जर (गोदाम.पेट्या == वाहतूक.पेट्या) जुळले

हा कोड वर्षभर बिनतक्रार चालला. मग गोदामाने मोजणी न झालेल्या ओळींसाठी हा रकाना रिकामा ठेवायला सुरुवात केली. डेटाबेसमधला रिकामा रकाना जावाच्या गेटइंट या पद्धतीने वाचला की हातात ० येतो. रकाना खरोखर रिकामा होता का, हे वॉजनल या दुसऱ्या पद्धतीला वेगळे विचारावे लागते. ते कोणी विचारत नव्हते, त्यामुळे 'मोजलेले नाही' आणि 'शून्य पेट्या' यांत फरकच उरला नाही. यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंच्या वर्गांत पेट्यांचा प्रकार इंटवरून इंटिजर केला. इंटिजर हा ऑब्जेक्ट असल्याने तो नल, म्हणजे 'किंमतच नाही' असा, असू शकतो. वाचणाऱ्या कोडमध्ये वॉजनलची तपासणी घातली आणि फाइल वाचणाऱ्या भागात रिकाम्या मजकुरासाठी नल द्यायला सुरुवात केली. हेतू योग्य होता आणि बदल छोटा.

रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीला, कोडमधला जो फरक गेला त्यात फक्त रकान्यांचे प्रकार आणि वाचणाऱ्या दोन पद्धती दिसत होत्या. तुलनेची ओळ तिसऱ्याच फाइलमध्ये होती. ती कोणी बदललेली नसल्याने कोणाच्या नजरेसमोर आलीच नाही. पण तिचा अर्थ बदलला होता. दोन इंटमध्ये == लिहिले की आकडे ताडले जातात; दोन इंटिजरमध्ये तेच चिन्ह विचारते, हे दोन्ही संदर्भ एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का. कंपाइलरला दोन्ही मान्य, त्यामुळे इशाराही नाही.

अडचण

बदल लागू झाल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी तक्रार आली: मोठ्या ऑर्डरी रोजच यादीत येतात. यादीत दोन्ही बाजूंचे आकडे छापलेले असत. गोदाम १४४, वाहतूक १४४, शेरा 'पेट्या जुळत नाहीत'.

दोन आठवडे कोणी बोलले नाही, कारण यादी पूर्ण चुकीची नव्हती. बहुतेक ऑर्डरी लहान, त्या नीट जुळत होत्या. मोठ्या ओळी खोट्या निघतात हे यादी पाहणाऱ्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी त्या एकगठ्ठा निवडून 'मान्य' करायला सुरुवात केली. पुढचे नुकसान इथून झाले. खोट्या इशाऱ्यांच्या ढिगात खरे इशारेही मान्य होत गेले.

शोध

दोन्हीकडे सारखाच आकडा असूनही 'पेट्या जुळत नाहीत' असा शेरा मिळालेल्या ओळी पेट्यांच्या संख्येनुसार लावून पाहिल्यावर सर्वांत लहान आकडा निघाला १२८. १२७ पेट्यांची एकही ओळ त्यांत नव्हती.

इथे तपास वाकड्या वाटेला लागला. १२७ हा आकडा प्रोग्रामरला लगेच आठवतो तो उणे-अधिक चिन्ह असलेल्या एका बाइटची कमाल मर्यादा म्हणून. तेव्हा संशय गेला डेटाबेसच्या रकान्यावर: तो टायनीइंट, म्हणजे एका बाइटचा पूर्णांक, तर नाही ना? पाहिले तर साधा चार बाइटचा पूर्णांक होता. मग फाइल पाहिली, फाइल वाचणारी लायब्ररी पाहिली, आकड्यांमागे न दिसणारी रिकामी जागा शोधली. अर्धा दिवस गेला.

हा संशय पाच मिनिटांत मोडता आला असता. १४४ हा आकडा चिन्ह असलेल्या बाइटमध्ये कोंबला तर तो १४४ वजा २५६, म्हणजे −११२ असा बाहेर येतो. यादीत कुठेच उणे आकडा नव्हता. दोन्ही बाजूंना स्वच्छ १४४ छापलेला होता. बाइट उतू जाण्याच्या शंकेविरुद्धचा पुरावा पहिल्या दिवसापासून यादीतच होता. आकडा बिघडलेला नाही आणि तरी तुलना 'नाही' म्हणते, म्हणजे दोष माहितीत नाही, तुलनेत आहे. हा निर्णय तिथेच व्हायला हवा होता.

शेवटी डीबगरने सांगितले. त्यात दोन्ही बाजूंना किंमत १४४, पण ऑब्जेक्टची ओळख वेगवेगळी दिसली. मग वेगळ्या फाइलमध्ये चार ओळींचा प्रयोग केला. अ आणि ब हे दोन इंटिजर, दोघांनाही स्वतंत्रपणे १२७ दिले: अ == ब खरे. दोघांनाही १२८ दिले: अ == ब खोटे. त्याच १२८ वर अ <= ब खरे आणि अ >= ब हेही खरे. लहानमोठेपणाची चिन्हे ऑब्जेक्टमधला आकडा बाहेर काढून तुलना करतात, == काढत नाही. दोन्ही बाजूंनी इंटिजर असेल तरच ही गंमत होते; एका बाजूला साधा इंट आला की == देखील आकडाच पाहतो.

नेमके कारण असे. साधा इंट इंटिजरमध्ये आपोआप गुंडाळण्याची सोय जावात पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २००४ पासून आहे. गुंडाळण्याचे काम इंटिजर.व्हॅल्यूऑफ करते. ही पद्धत −१२८ ते १२७ या २५६ किमतींसाठी आधीच बनवून ठेवलेले ऑब्जेक्ट परत देते. हे तिच्या दस्तऐवजातच लिहिलेले आहे, आणि या टप्प्याबाहेरच्या किमतीही ती साठवू शकते असेही तिथे म्हटले आहे. म्हणजे १२७ दोनदा गुंडाळला की दोन्ही वेळा तोच ऑब्जेक्ट हाती येतो आणि == चुकून बरोबर ठरते. १४४ दोनदा गुंडाळला की सहसा दोन ऑब्जेक्ट होतात. 'सहसा' हा शब्द जपून वापरला आहे: १२७ च्या पुढे == नेहमी खोटेच येईल, याचीही हमी नाही.

पायथनमध्ये याचा सख्खा भाऊ आहे. तिथल्या प्रचलित अंमलबजावणीत, सीपायथनमध्ये, −५ ते २५६ हे पूर्णांक आधीच बनवलेले असतात, त्यामुळे == ऐवजी ओळख ताडणारे इज लिहिणाऱ्याचे लहान आकड्यांवर निभावते. कोटलिनने == ला किमतीची तुलना आणि === ला ओळखीची तुलना असे वेगळे करून टाकले. जावात मात्र एकाच चिन्हाचे दोन अर्थ, आणि कोणता लागू होईल हे ठरते कदाचित दुसऱ्याच फाइलमध्ये लिहिलेल्या प्रकारावरून.

टेस्टमधून हे निसटले कसे

टेस्ट होत्या, आणि बऱ्याच होत्या. पण त्यांतल्या पेट्यांच्या संख्या ३, १२, ४० अशा. हाताने टेस्टची माहिती लिहिताना माणूस लहान आकडेच लिहितो, आणि लहान आकडे नेमके त्या २५६ च्या साठ्यात बसतात.

एका टेस्टमध्ये ५०० हा आकडा होता. तीही पास होत होती. त्या फाइलच्या सुरुवातीला 'मोठी संख्या' नावाचा एक स्थिर इंटिजर बनवला होता आणि तोच दोन्ही बाजूंच्या ओळींत घातला होता. एकच ऑब्जेक्ट दोन्हीकडे, म्हणून == खरे. समानतेच्या टेस्टमध्ये फक्त मोठा आकडा पुरत नाही. दोन्ही बाजूंची किंमत स्वतंत्रपणे तयार व्हावी लागते, जशी प्रत्यक्षात एक डेटाबेसमधून आणि एक मजकुरातून येते.

पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत मोहाचा होता. हॉटस्पॉट या व्हर्च्युअल मशीनला इंटिजरच्या साठ्याची वरची मर्यादा वाढवायला सांगता येते. ऑटोबॉक्सकॅशमॅक्स असे त्या पर्यायाचे नाव. ती २०,००० केली आणि चाचणीच्या सर्व्हरवर यादी खरोखर रिकामी झाली. कोडला हात लावायची गरज नाही, आज रात्रीच लागू करता येईल. तरीही हे नाकारले. प्रोग्रामची अचूकता सुरू करण्याच्या आज्ञेतल्या एका पर्यायावर लटकत राहिली असती. उद्या कोणी सर्व्हर बदलताना तो गाळला तर दोष गुपचूप परत. शिवाय हा पर्याय इंटिजरपुरताच आहे. लाँगलाही −१२८ ते १२७ चा साठा आहे, पण तो वाढवायची सोय नाही.

दुसरा पर्याय: दोन्ही बाजूंना इंटव्हॅल्यू लावून साध्या इंटची तुलना करायची. आकडे बरोबर ताडले जातील, पण एखादी बाजू नल असेल तर नलपॉइंटर अपवाद फेकून रात्रीचे काम अर्ध्यावर थांबेल. नल येतो म्हणूनच तर इंटिजर आणला होता.

तिसरा: परत इंटवर जायचे आणि 'मोजलेले नाही' साठी −१ वापरायचे. याच्या बाजूने बोलणारे होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. == पुन्हा सरळ झाले असते. अडचण बेरजांची. याच रकान्याची बेरीज तीन अहवालांत होत होती, आणि −१ बेरजेत शिरला तर तो कोणाच्याही लक्षात न येता एकूण आकडा खाली ओढतो. नल निदान आरडाओरडा करतो.

चौथा: ऑब्जेक्ट्स.इक्वल्स(अ, ब). ही पद्धत जावाच्या सातव्या आवृत्तीपासून, २०११ पासून आहे. दोन्ही नल असतील तर खरे, एकच नल असेल तर खोटे, नाहीतर अ.इक्वल्स(ब). नलची भीती नाही, आकडे किमतीने ताडले जातात. हाच निवडला.

निवड बरोबर होती. ती अमलात आणण्याची पद्धत चुकली.

पहिली दुरुस्ती आणि त्या रात्रीचा गोंधळ

एका ओळीतली चूक सापडली की तशीच चूक आणखी कुठे आहे हे पाहण्याची इच्छा होते, आणि ती चांगली इच्छा आहे. पण इथे प्रत्येक जागा वाचून पाहण्याऐवजी शोधा-आणि-बदला वापरले गेले. ताळ्याच्या संपूर्ण पॅकेजमध्ये रकान्यांमधल्या सगळ्या तुलना, == असो वा आणखी काही, ऑब्जेक्ट्स.इक्वल्समध्ये घातल्या. टेस्ट पास झाल्या आणि संध्याकाळी डिप्लॉय झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत जवळजवळ सगळ्याच ओळी होत्या.

दोन वेगळ्या गोष्टी एकदम तुटल्या होत्या. पहिली ऑर्डर क्रमांकाची. तो वाहतुकीच्या वर्गात साधा लाँग होता आणि गोदामाच्या जुन्या वर्गात इंटिजर. आधीची तुलना, साधा लाँग == इंटिजर, बरोबर चालत होती: एक बाजू साधी असल्याने दुसरी उलगडली जाते, लहान प्रकार मोठ्यात वाढवला जातो आणि आकडे ताडले जातात. तीच ऑब्जेक्ट्स.इक्वल्समध्ये घातल्यावर साधा लाँग गुंडाळला जाऊन लाँग ऑब्जेक्ट झाला. लाँगची इक्वल्स पद्धत समोर लाँगच असेल तरच आकडा पाहते. समोर इंटिजर आला की आकडा न पाहताच 'खोटे'. म्हणजे ७०४१२ आणि ७०४१२ समान नाहीत, ५ आणि ५ सुद्धा समान नाहीत. इथे लहान आकड्यांचा साठाही वाचवत नाही. आणि ऑब्जेक्ट्स.इक्वल्सचे दोन्ही घटक साध्या ऑब्जेक्ट प्रकाराचे असल्याने कंपाइलर काहीही स्वीकारतो. विरोधाभास असा, की लाँग ऑब्जेक्ट आणि इंटिजर ऑब्जेक्ट यांच्यात == लिहिले असते तर कंपाइलरनेच अडवले असते.

टेस्ट का पास झाल्या? टेस्टमध्ये ऑर्डर क्रमांक एका मदतनीस पद्धतीतून येत होता आणि तिथे दोन्ही बाजूंना गोदामाचाच वर्ग वापरला होता.

दुसरी मोडलेली गोष्ट वजनाची. वजन बिगडेसिमल या अचूक दशांशांच्या प्रकारात होते आणि त्याची तुलना मूळ लेखकाने जाणीवपूर्वक कंपेअरटू(...) == ० अशी लिहिली होती. शोधा-आणि-बदलामध्ये 'सगळीकडे सारखे दिसावे' म्हणून तीही इक्वल्स केली गेली. बिगडेसिमलची इक्वल्स किमतीबरोबर दशांश स्थळांची संख्याही पाहते. गोदामाकडून १२.५० येत होते, वाहतुकीकडून १२.५. कंपेअरटूच्या दृष्टीने दोन्ही एकच. इक्वल्सच्या दृष्टीने वेगळे.

हे जवळून पाहण्यासारखे आहे. १२.५ आत साठवले जाते ते १२५ हा पूर्णांक आणि १ दशांश स्थळ असे, १२.५० साठवले जाते १२५० आणि २ असे. इक्वल्स या दोन्ही गोष्टी ताडते. हॅशकोड, म्हणजे ऑब्जेक्ट पटकन शोधण्यासाठी काढलेला आकडा, तोही दोन्हींवरून बनतो: इतक्या लहान धन किमतींसाठी तो पूर्णांकाची ३१ पट अधिक दशांश स्थळे असा निघतो. म्हणजे १२.५ चा हॅशकोड ३८७६ आणि १२.५० चा ३८७५२. ही दोन वजने हॅशसेटमध्ये टाकली तर दोन नोंदी राहतात, ट्रीसेटमध्ये टाकली तर एक, कारण ट्रीसेट कंपेअरटूने चालतो.

दुसरी दुरुस्ती

आदल्या दिवसाची आवृत्ती परत लावली. एक रात्र जुन्या दोषासह काढणे परवडणारे होते, नव्यासह नाही. मग या वेळी प्रत्येक तुलना हाताने वाचून पाहिली आणि रकान्यागणिक एक प्रश्न विचारला: इथे 'समान' म्हणजे काय?

ऑर्डर क्रमांक: दोन्ही वर्गांत प्रकार साधा लाँग केला. हा रकाना कधीच रिकामा नसतो, त्यामुळे ऑब्जेक्टची गरज नव्हती. तुलना == च राहिली.

स्थिती: हा एनम, म्हणजे ठरावीक किमतींच्या यादीचा प्रकार, होता. एनमच्या प्रत्येक किमतीचा एकच ऑब्जेक्ट असतो, त्यामुळे तिथे == बरोबर आहे आणि नललाही घाबरत नाही. पहिल्या दुरुस्तीत तिथेही इक्वल्स घातले होते; ते काढले. एनमवर == ठेवल्याने आणखी एक फायदा होतो: चुकून दोन वेगळ्या एनमची तुलना लिहिली तर कंपाइल होत नाही.

वजन: दोन मार्ग होते. एकतर तुलनेच्या जागी कंपेअरटू परत आणायचे, नाहीतर वजन प्रणालीत शिरतानाच एका ठरावीक रूपात आणायचे. फक्त तुलना असती तर पहिला मार्ग पुरला असता. पण टीमने याच वेळी ओळीसाठी रेकॉर्ड, म्हणजे फक्त माहिती धरणारा छोटा वर्ग, वापरायचे ठरवले होते. रेकॉर्ड जावा १६ पासून भाषेचा कायम भाग आहे, आणि त्याची इक्वल्स आणि हॅशकोड आपोआप तयार होतात. ती आपोआप तयार होणारी इक्वल्स बिगडेसिमल रकान्यासाठी बिगडेसिमलचीच इक्वल्स वापरते, म्हणजे १२.५ आणि १२.५० चा घोळ रेकॉर्डच्या पोटात शिरतो. म्हणून रूप आधीच एक करणे भाग होते.

त्यासाठी शेवटची शून्ये काढून टाकणारी स्ट्रिपट्रेलिंगझिरोज ही पद्धत सुचवली गेली. ती नाकारली, कारण तीतून १०० हे वजन १E+२ अशा घातांकी रूपात छापले जाते आणि अहवालात ते वाचणारा गोंधळतो. शिवाय जावा ८ च्या आधी ०.० वर ती काहीच करत नसे. आवृत्ती १७ ला ही अडचण नाही, पण तोच कोड जुन्या जागी नेणाऱ्याला चावली असती. त्याऐवजी रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये सेटस्केलने वजन तीन दशांश स्थळांवर आणले आणि गोलाकार करण्याची पद्धत 'अनावश्यक' अशी दिली. याचा अर्थ, तीनपेक्षा जास्त अर्थपूर्ण स्थळे आली तर प्रोग्राम गुपचूप गोलाकार न करता अपवाद फेकतो. वजनकाटे तीनच स्थळे देत होते. चौथे स्थळ येणे ही स्वतःच बातमी होती.

पेट्या: इथे ऑब्जेक्ट्स.इक्वल्स ठेवायला हरकत नव्हती, पण वाचताना एक प्रश्न निघाला जो आधी कोणी विचारला नव्हता. दोन्ही बाजूंना नल असेल तर? ऑब्जेक्ट्स.इक्वल्स म्हणते 'समान'. जुन्या == लाही तेच वाटत होते, आणि त्याच्या आधी, दोन्हीकडे ० येत असताना, तेव्हाही तेच. गोदामाने मोजले नाही, वाहतुकीनेही मोजले नाही, आणि अहवाल म्हणतो ताळा बसला. भाषेच्या दृष्टीने नल आणि नल समान असणे ठीक. ताळ्याच्या दृष्टीने दोन अज्ञात आकडे समान आहेत असे म्हणणे धाडसाचे. गोदामाच्या माणसांना विचारल्यावर त्यांचे उत्तर एका वाक्यात आले: मोजलेच नाही तर जुळले कसे म्हणता?

म्हणून या एका रकान्यापुरती खरे-खोटे परत देणारी तुलना काढली आणि तीन उत्तरे देणारी छोटी पद्धत लिहिली: जुळले, जुळले नाही, ताडता येत नाही. कोणतीही बाजू नल असेल तर तिसरे उत्तर. बाकीच्या रकान्यांना हात लावला नाही.

टेस्टमध्ये प्रत्येक पूर्णांक रकान्यासाठी −१२९, −१२८, ०, १२७, १२८ आणि मोठी एखादी किंमत घातली, आणि नल असू शकणाऱ्या रकान्यांसाठी नलच्या चारही जोड्या. दोन्ही बाजू खऱ्या वाचणाऱ्या कोडमधून तयार केल्या: एक फाइलच्या मजकुरातून, एक चाचणीच्या डेटाबेसमधून. सामायिक स्थिर ऑब्जेक्ट टेस्टमधून काढून टाकले.

बिल्डमध्ये एरर प्रोन हे कंपाइल करतानाच चुका शोधणारे साधन बसवले आणि गुंडाळलेल्या आकड्यांवरची == तुलना पकडणारी तपासणी बिल्ड थांबवणारी चूक ठरवली. न जुळणाऱ्या प्रकारांवर इक्वल्स लावल्यास ओरडणारी तपासणीही तशीच केली. स्पॉटबग्जमध्येही या दोन्हींसारख्या तपासण्या आहेत. ज्यांच्याकडे ते आधीच चालू आहे त्यांना नवे काही आणायची गरज नाही, फक्त इशारे वाचले जातात का हे पाहावे.

निकाल

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या रात्री यादी पूर्वीच्या नेहमीच्या लांबीवर आली. 'ताडता येत नाही' हा नवा विभाग मात्र अपेक्षेपेक्षा लांब निघाला आणि पहिल्या आठवड्यात त्यावर कुरबुर झाली. तो लहान करणे हे गोदामाचे काम होते, प्रोग्रामचे नाही, आणि तसे ठरवून सांगावे लागले.

मागच्या दोन आठवड्यांच्या फाइली जपलेल्या असल्यामुळे ताळा नव्याने चालवता आला. एकगठ्ठा मान्य केलेल्या ओळींपैकी बहुतेक खोट्याच होत्या. काही मात्र खऱ्या निघाल्या: दोन्ही आकडे १२७ च्या वरचे आणि खरोखर वेगळे. त्या हाताने तपासून दुरुस्त कराव्या लागल्या. फाइली सात दिवसांनी पुसण्याची पद्धत असती तर हे कधी कळलेच नसते.

वेगळे काय करता आले असते

इंटचा इंटिजर करण्याच्या क्षणी त्या रकान्याचा वापर कुठे कुठे होतो याची यादी काढायला हवी होती. कोणत्याही चालू संपादकात हे दोन कळांचे काम आहे. प्रकार बदलला की == चा अर्थ बदलतो, बेरीज करताना नलचा अपवाद येऊ शकतो, आणि आणखी एक, पटकन न सुचणारी गोष्ट: साध्या इंटचा लिस्टवरचा रिमूव्ह जागेनुसार काढतो, तर इंटिजरचा रिमूव्ह किमतीनुसार. या प्रकरणात तसा वापर नव्हता, हे केवळ नशीब.

रकान्याचे नाव त्याच वेळी बदलले असते, उदाहरणार्थ 'पेट्या' चे 'मोजलेल्या पेट्या', तर प्रत्येक वापर रिव्ह्यूच्या फरकात दिसला असता. ही थोडी आडवळणाची युक्ती आहे, पण अर्थ बदलतो तिथे नाव बदलणे फुकटात तपासणी करून देते.

शोधा-आणि-बदला टाळायलाच हवे होते. तुटलेली तुलना एकच होती. बाकीच्यांपैकी लाँग-इंटिजर आणि कंपेअरटू या बरोबर होत्या, आणि त्याच मोडल्या. घाईची दुरुस्ती एका ओळीची ठेवून बाकी वाचन दुसऱ्या दिवशी केले असते तर दुसरा गोंधळ झाला नसता.

उरलेली एक जागा

एरर प्रोन चालू केल्यावर दुसऱ्याच एका मॉड्यूलमध्ये, मोजणीच्या जुन्या कोडमध्ये, इंटिजरवरची एक == तुलना सापडली. ती दुरुस्त करायला घेतली आणि वेळेवर हात आवरला. तिथे कोणीतरी वर्षांपूर्वी न्यू इंटिजर(०) असा एक खास ऑब्जेक्ट बनवून त्याला 'अमोजित' नाव दिले होते. मोजणी झालेली नसेल तर रकान्यात तोच ऑब्जेक्ट ठेवायचा आणि नंतर == ने ओळखायचे. किंमत शून्य, पण ओळख वेगळी. खऱ्या शून्यापासून तो फक्त संदर्भाने वेगळा कळतो. तिथे इक्वल्स घातले असते तर शून्य पेट्यांची प्रत्येक खरी नोंद 'मोजलेली नाही' ठरली असती.

दुसरा सापळा त्याच ओळीत होता. इंटिजरचा कन्स्ट्रक्टर जावा ९ पासून नापसंत आहे आणि १६ पासून 'काढून टाकला जाणार' असा शिक्का त्यावर आहे. त्यामुळे आवृत्ती १७ वर कंपाइल करताना इशारा येतो, आणि त्याऐवजी इंटिजर.व्हॅल्यूऑफ(०) लिहा, असा सल्ला मिळतो. तो मानला की 'अमोजित' हा साठ्यातला, सगळ्यांचा सामायिक शून्य होतो, आणि == पुन्हा प्रत्येक खऱ्या शून्याला अमोजित म्हणू लागते. ती ओळ तात्पुरती इशारा दाबून आणि वर तीन ओळींची टिप्पणी लिहून तशीच ठेवली. त्या मॉड्यूलमध्ये 'अमोजित' च्या जागी नल आणण्याचे काम पुढच्या टप्प्याच्या यादीत आहे.